मातीचें पोट आणि विहिरीचा तळ

होळी झाली कीं आमच्या बीड जिल्ह्यांत दोन माणसांची चलती सुरू होते. एक पाणाड्या आणि दुसरा बोअरच्या गाडीचा दलाल. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन बांधाबांधानें फिरतो. नारळ उभा राहिला कीं तेथें चुन्याची फुली मारतो आणि दक्षिणा घेऊन घरीं जातो. रात्रीं दलालाची गाडी येते. दोनशें फूट फुफाटा, चारशें फूट फुफाटा. सहाशें फुटांवर ओल लागली म्हणून मोटार सोडावयाची, आणि वैशाख लागला कीं ती मोटार वारा ओढते. फुली मारणारा आपल्या घरीं, गाडीवाला आपल्या घरीं. शेतकऱ्याच्या घरीं मात्र कर्जाचा हप्ता. दोन वर्षांनीं तोच शेतकरी त्याच बांधावर दुसरा पाणाड्या घेऊन फिरतांना दिसतो.

आम्ही त्याला हंसत नाहीं. तहान लागलेल्या माणसानें पाणी शोधूं नये असें कोण म्हणेल? पण आमचा त्याला एक साधा प्रश्न आहे. दादा, खालून वर किती पाणी आलें हें तूं इंचांत सांगतोस. पण वर आलेल्या पाण्यापैकीं वांग्याच्या मुळाशीं किती राहिलें, हें कधीं मोजलेंस काय? मडक्याला भोंक पडलें असेल तर घरची शहाणी बाई आणखी एक हंडा आणावयास जात नाहीं. आधीं भोंक बुजवते. आमच्या शेताच्या मडक्याला भोंक आहे, आणि तें मातींत आहे. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरांहून थोडें जास्तच. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर दहा टँकर झाले. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत भरांत आलेला भाजीचा वाफा दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी सहज खातो. म्हणजे गुंठ्याला रोज सहाशें-सातशें लिटर. वाफा तुंबेपर्यंत पाणी सोडण्याची आमची जी रीत आहे तींत ह्याहून किती तरी जास्त पाणी जातें. त्या पाण्याला वाटेकरी तीन. पहिला वाटेकरी ऊन. तें उघड्या मातीवरचें पाणी वरच्या वर उडवून नेतें. दुसरी वाटेकरीण हलकी जमीन. ती मुळाच्या खालीं पाणी गाळून टाकते. तिसरें वाटेकरी झाड. तिघांत बाजाराच्या दिवशीं पैसा देतें तें एकटें झाड, आणि आमच्या घरीं त्याच्याच वाट्याला उष्टें येतें.

आमच्या जिल्ह्याला वर्षाचा पाऊस सरासरीनें साडेसहाशें मिलिमीटरांच्या आसपास. पण सरासरीवर पीक येत नसतें. कधीं मृगांत फसवतो, कधीं काढणीला झोडपतो. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहे. २०१२, २०१५ आणि २०१८ सालचे दुष्काळ पोरांनींहि पाहिले. २०१६ सालीं मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें साऱ्या देशानें वाचलें. त्या लातुरास पाणी पुरविणारें मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यांत धनेगांवला आहे, आणि तें कोरडें पडलें होतें. धरण जेथें तळ दाखवितें तेथें सहाशें फुटांखालच्या ओलीचा भरंवसा काय धरावा? म्हणून आम्ही म्हणतों, जें पाणी हातीं आलें तें मातीच्या पोटांत चार दिवस अधिक कसें राहील, हें पाहणें हाच आतां शहाणपणा आहे.

मातीचें पोट ही नुसती बोलण्याची गोष्ट नव्हे. मातीच्या कणांमध्यें बारीक बारीक पोकळ्या असतात. पोकळी मोठी असेल तर पाणी खालीं गळून जातें. फारच बारीक असेल तर माती तें इतकें घट्ट धरून ठेवते कीं मुळास ओढवत नाहीं. मधल्या पोकळ्यांतलें पाणी तेवढें पिकाचें. आष्टी, पाटोदा, शिरूर ह्या बाजूस आणि बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड, हलकी जमीन पुष्कळ. ती म्हणजे चाळणी. सकाळीं पाणी द्या, तिसऱ्या दिवशीं मिरची मान टाकते. खालीं गोदाकांठीं गेवराई-माजलगांवकडे काळी, भारी जमीन. ती पाणी पुष्कळ पिते, पण कृपणासारखी धरून बसते. सुकली कीं भेगा पडतात, आणि पुढचें पाणी त्या भेगांतून थेट पाताळांत. दोन्ही जमिनींचा रोग निराळा, पण एक औषध दोघींनाहि लागू पडतें. तें म्हणजे कुजलेलें शेणखत.

आमचे वाचक म्हणतील, ह्यांत नवें काय सांगितलें? शेणखत घालावें हें आज्यानेंहि सांगितलें होतें. खरें आहे. पण आज्यानें खत घातलें तें पीक जोमदार यावें म्हणून. आम्ही आज सांगतों तें पाणी वांचावें म्हणून. कुजलेलें खत हलक्या मातीच्या कणांना एकमेकांस चिकटवून त्यांचे गोळे करतें व मोठ्या पोकळ्या लहान करतें. भारी मातीला तेंच खत भुसभुशीत करतें, म्हणजे पाणी आंत शिरतें आणि मुळाला सुटतेंहि. भाजीपाल्यास हेक्टरीं वीस ते पंचवीस टन शेणखत द्यावें अशी शिफारस आहे. कागदावर हा आंकडा पाहून गरिबाची छाती दडपते. पण तोच आंकडा गुंठ्यावर आणला तर दोनशें ते अडीचशें किलो. दोन गुंठ्यांची भाजी असेल तर एक बैलगाडी भरून खत. हें कांहीं डोंगर उचलणें नव्हे. मात्र खत पुरतें कुजलेलें पाहिजे. कच्चें शेण घातलें कीं हुमणीला निमंत्रण. आणि एका हंगामांत चमत्कार होईल असें कोणी सांगितलें तर त्याचें ऐकूं नका. पहिल्या वर्षीं फरक थोडा, तिसऱ्या वर्षीं डोळ्यांत भरण्यासारखा. माती म्हणजे उपाशी राहिलेलें लेंकरूं. त्याला एका दिवसांत बाळसें येत नाहीं.

येथें एक गोष्ट बोललीच पाहिजे. आमच्या घरचें निम्मेंशिम्में शेण गवऱ्या होऊन चुलींत जातें. ह्याबद्दल बाईमाणसांस शहाणपण शिकविणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना विचारतों, सरपण कोठून आणावें तें आधीं सांगा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेची टांकी गरिबाच्या घरांत आली. पण रिकामी टांकी भरावयास रोख पैसे लागतात, आणि गवरीला लागत नाहींत. दोष बाईचा नव्हे. तरी घरच्या कर्त्या पुरुषानें एवढें करावें कीं पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या बांधावर पेटवून न देतां चुलीसाठीं राखाव्या, आणि तेवढें तरी शेण उकिरड्याच्या खड्ड्यांत जाऊं द्यावें. उकिरडाहि उघडा, उन्हांत वाळणारा नको. खड्डा करून, अधूनमधून ओला करून, वर मातीचा लेप दिलेला हवा.

शेणखतानंतर दुसरें औषध तळ्याचा गाळ. हें हलक्या जमिनीचें औषध आहे. काळ्या जमिनीवर गाळ टाकणें म्हणजे जाड्या माणसास तूप पाजणें. धरणाच्या पोटांतला गाळ हा दुसरा-तिसरा कांहीं नसून आमच्याच शेतांची वाहून गेलेली वरची माती आहे. तींत चिकण कण अधिक, म्हणून ती पाणी धरते. दोन गुंठ्यांवर दोन इंचांचा थर द्यावयाचा तर साडेतीन ब्रासांच्या थोडा वर गाळ लागतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या सुमारें चार खेपा. गाळ उन्हाळ्यांत पसरावा, वाळवून ढेंकळें फोडावीं, शेणखताबरोबर मातींत नीट मिसळावा. नुसता थर वर राहिला तर त्याची पापडी होते आणि पाणी वरच्या वर धांवतें. टाकण्यापूर्वीं गाळ आणि शेतची माती दोन्ही तपासून घ्यावीं. गाळांत खार असेल तर तो सोडून द्यावा.

ह्या गाळाची एक कथा आहे, आणि ती आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक असली पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यांत शेतकऱ्याच्या दुःखाचें रडगाणें नाहीं. दुःखाचीं कारणें आहेत आणि उपायहि आहेत. डोंगरउतारावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर पालापाचोळा, शेणकूट, मेलेल्या किड्यामुंग्यांचें सत्त्व शेतांत येई, तें बंद झालें हें त्यांनीं ओळखलें. पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास मिळावें अशा बेतानें ठिकठिकाणीं ताली-बंधारे घालावे आणि तें काम सरकारनें आपल्या लष्कर-पोलिसांकडून करून घ्यावें, असें त्यांनीं सुचविलें. नदीनाल्यांतला व तळ्यांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, अशीहि त्यांची मागणी होती. आमचा बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत; मागणी होती इंग्रज सरकाराकडे. पण माती दोन्हीकडची एकच, आणि उपाशी पोटहि एकच.

पुढें काय झालें? इंग्रज गेला. १९४८ सालीं निजामाचें राज्यहि गेलें. धरणें झालीं, धरणें गाळानें भरलीं, आणि २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ नांवाची योजना काढली. म्हणजे माळ्याच्या घरीं जन्मलेल्या एका माणसानें जें १८८३ सालीं लिहून ठेवलें तें सरकारी कागदावर योजना होऊन यावयास १३४ वर्षें लागलीं! आम्ही योजनेस नांवें ठेवीत नाहीं. उशिरा आलेला पाऊसहि पाऊसच. पण तो कोणाच्या शेतावर पडला, हें विचारण्याचा आमचा हक्क आहे.

योजना आली तेव्हां बेत असा होता कीं तळ्यांतून गाळ उपसावयाचें यंत्र सरकारच्या व संस्थांच्या मदतीनें मिळावें, आणि गाळ शेतावर वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यानें करावा. कागदावर हें सर्वांस सारखें आहे. पण ज्याच्या दारांत ट्रॅक्टर आहे त्याला आणि ज्याच्या दारांत एक शेळी आहे त्याला सारखाच नियम लावणें, ह्याला न्याय म्हणत नाहींत. गाळ फुकट, पण खेप विकत; मग गाळ गेला कोठें? जेथें ट्रॅक्टर होता तेथें. दोन गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर करून डोक्यावरच्या पाटीनें बाजारांत नेणारी बाई तळ्याच्या कांठीं उभी राहून दुसऱ्याच्या खेपा मोजीत राहिली. पुढें २०२३ सालीं अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांस गाळ वाहून नेण्यासाठीं अनुदान देण्याचें ठरलें, ही चांगली गोष्ट झाली. आतां काम आहे तें गांवचें. आमची सूचना अशी कीं तळ्यावर यंत्र लागण्यापूर्वीं ग्रामसभा भरवावी; ज्यांना अडीच एकरांहून कमी जमीन आहे त्यांचीं नांवें आधीं लिहावीं; त्यांच्या खेपा आधीं सोडाव्या; आणि यादी चावडीवर लावावी. महारवाड्यांतल्या, वडारवाड्यांतल्या माणसाच्या परसांतली दोन वाफ्यांची भाजी हीहि शेती आहे, हें यादी करणाऱ्यानें विसरूं नये.

तिसरा उपाय बिनपैशाचा आहे. तो म्हणजे मातीला पांघरूण घालणें. उघड्या मातीवरून ऊन पाणी पितें, झांकलेल्या मातीवरून त्याला तें मिळत नाहीं. आमच्याकडे कडबा-भुसकट जनावरांस पुरत नाहीं, तें मातीवर टाका असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. पण जें जनावर खात नाहीं तें टाकावयास काय हरकत आहे? उंसाचें पाचट फडांत जाळतात तें आणावें. बी धरण्यापूर्वीं उपटलेलें गाजरगवत वाळवून घालावें. सोयाबिनाचा कुजका भुसा, झाडांचा पाला चालतो. तीन-चार बोटें जाडीचा थर, झाडाच्या बुंध्यापासून थोडा दूर. हेंच पांघरूण कुजून पुढच्या वर्षीं खत होतें, म्हणजे एका गवतांत दोन कामें.

आतां त्या पुडीकडे वळूं, जिच्यामुळें हा लेख लिहावयाची आम्हांस बुद्धि झाली. बाजारांत हल्लीं पाणी धरणारी पूड विकावयास येते. साखरेसारखे दाणे, पाण्यांत टाकले कीं फुगून थुलथुलीत गोळे होतात. दुकानदार पेल्यांत पाणी घालून हा खेळ करून दाखवितो आणि म्हणतो, “काका, ही घातली कीं दोन पाण्याच्या ठिकाणीं एक पाणी पुरे.” शेतकरी तोंडांत बोट घालतो आणि उधारीच्या वहींत एक ओळ वाढते.

पूड खोटी नाहीं. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनेंहि असा एक पदार्थ काढला आहे. तो आपल्या वजनाच्या साडेतीनशें पट पाणी शुद्ध पाण्यांत धरतो. पण आतां वर केलेला हिशेब आठवा. एकरीं दोन किलो पूड घातली तर ती एका वेळेस धरणार दोन गुणिले साडेतीनशें, म्हणजे सातशें लिटर. आणि एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटर! शंभरांत एकहि हिस्सा नाहीं. शिवाय आमच्या विहिरींचें पाणी खारवट असलें तर पूड फुगते ती आणखी कमी. मग तिचा उपयोग काय? उपयोग आहे, पण जागेवरचा. साऱ्या शेतांत शिंपडून नव्हे, तर हलक्या जमिनींत रोप लावतांना मुळाच्या खळींत चिमूटभर, किंवा गादीवाफ्यावर रोपें तयार करतांना. लावलेलें रोप जीव धरीपर्यंतचे जे आठ-दहा दिवस असतात तेवढ्यांत ती मुळाच्या तोंडाशीं ओल राखते, आणि पाणी दिलें कीं पुन्हां भरून घेते. एवढ्या कामासाठीं एवढीशीच घ्यावी. जो दुकानदार हा हिशेब ऐकून रागावेल त्याच्याकडून तीहि घेऊं नये.

तीच गोष्ट जिप्समची. जायकवाडीच्या उजव्या कालव्याखालीं किंवा माजलगांवच्या पाण्याखालीं जेथें जमीन चोपण झाली, पाणी वर डबकें करून बसतें, तेथें जिप्सम व पाण्याचा निचरा ह्यांनीं गुण येतो. मुरमाड जमिनीवर तें टाकणें म्हणजे ताप नसतांना कडू काढा पिणें. रोग कोणता हें मातीची तपासणी सांगते. २०१५ पासून सरकार माती तपासून पत्रिका देतें. परभणीचें कृषि विद्यापीठ आहे. आमच्याच जिल्ह्यांत अंबाजोगाई आणि खामगांव येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. तेथें जाऊन विचारणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीस बरोबर न्यावें. साहेबाकडून उत्तर लिहून घ्यावें आणि घरीं येऊन तिच्याकडून वाचून घ्यावें. विद्या दुसऱ्याच्या घरीं ठेवली म्हणून आमचे बापजादे लुटले गेले. मातीची विद्या तरी आतां आपल्या घरीं असावी.

आतां गांवांतल्या कारागिराकडे पाहूं. कुंभार तळ्याचा गाळ ओळखतो. कोणती माती चिकण, कोणती रेताड, हें तो बोटांच्या चिमटींत सांगतो. प्रयोगशाळा दूर असेल तोंवर पहिला सल्ला त्याचाच घ्यावा. शिवाय त्याच्या भट्टींतलें साधें, बिनरंगाचें मडकें भाजीच्या आळ्यांत गळ्यापर्यंत पुरलें, पाणी भरून वर झांकण ठेवलें, आणि भोंवतीं दोडका, कारलें, भोपळा, काकडी लावली, तर मडक्याच्या अंगांतून पाझरून मुळाला हवें तेवढेंच पाणी मिळतें. चीन देशांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या शेतीच्या पुस्तकांत ही रीत लिहिलेली आहे. धनगर रानांत मेंढ्या बसवितो, तें एका रात्रीचें लेंडीखत बाजारच्या पोत्याला मागें टाकतें. पऱ्हाट्यांचा कोळसा करून, बारीक कुटून, गोमूत्रांत किंवा खताच्या खड्ड्यांत मुरवून मातींत घातला तर तोहि ओल धरतो. दक्षिण अमेरिकेंतल्या आमेझॉन नदीकांठच्या जुन्या रहिवाशांनीं कोळसा आणि खरकटें मातींत घालून काळ्या, कसदार जमिनी तयार केल्या, त्या शेंकडों वर्षें टिकल्या आहेत.

म्हणजे मातीचें पोट भरावयाचें साहित्य गांवांत आहे, आणि तें हाताळणारे हातहि गांवांत आहेत. पण ह्या हातांना आम्हीं बलुतेदार म्हणून दाराबाहेर उभें केलें आणि सुपभर दाण्यांत त्यांची विद्या विकत घेतली. हें आतां बंद झालें पाहिजे. मडकें घेतलें तर रोख पैसा द्यावा, मेंढ्या बसविल्या तर रोख पैसा द्यावा, आणि ओट्यावर बसवून चहा पाजावा. दुकानदाराच्या पुडीस जो पैसा उधारीवर द्यावयास आम्ही तयार होतों त्याचा चौथा हिस्सा कुंभार-धनगराच्या घरीं गेला तर तो पैसा पुन्हां गांवच्याच बाजारांत भाजी घ्यावयास येईल.

एक धोका सांगून ठेवतों, कारण तो आमच्याच माणसांकडून आहे. मातींत पाणी वांचलें कीं विहिरींत तें थोडें शिल्लक राहील. तें शिल्लक पाहून लगेच एक एकर ऊंस लावावयाची बुद्धि होईल. असें झालें तर सारा खटाटोप पाण्यांत गेला असें समजा. दोन गुंठे भाजीनें वांचविलेलें पाणी एक एकर ऊंस चार दिवसांत पिऊन टाकील. आणि आपण राखलेलें पाणी शेजाऱ्याच्या बोअरनें ओढून नेलें, तर त्यालाहि विचारण्याची सोय गांवानें केली पाहिजे. भूगर्भांतल्या पाण्याला बांध नसतो, म्हणून त्याचा कायदा गांवानेंच एकमतानें करावा.

आम्ही हें सारें कशासाठीं सांगतों? दसरा झाला कीं आमच्या जिल्ह्यांतलीं लाखों माणसें उचल घेऊन कोयता उचलतात. पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या फडांत पालें ठोकून राहतात. लेंकरांच्या शाळा बुडतात. दोन गुंठे भाजीनें ती उचल फिटेल असें खोटें आश्वासन आम्ही देणार नाहीं. पण घरामागें हिरवा वाफा असला, आठवड्याच्या बाजारांत बाईच्या पदराला चार पैसे बांधले गेले, मुलांच्या ताटांत मेथीची भाजी पडली, तर पुढची उचल थोडी लहान घ्यावी लागते. उचल लहान झाली तर मुकादमासमोर मान थोडी वर राहते. गरिबाची सुटका अशीच वितीवितीनें होत असते. कोयता एका दिवसांत टाकतां येत नाहीं. पण म्हातारीला आणि पोरांना तरी गांवांत ठेवून जातां येतें.

तरी आमच्या वाचकांस आमची विनंति एवढीच कीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवूं नका, करून पाहा. ह्याच हंगामांत एक-एक गुंठ्याचे दोन तुकडे शेजारीं शेजारीं आखा. एकांत नेहमींचें करा. दुसऱ्यांत अडीचशें किलो कुजलेलें खत, जमीन हलकी असेल तर तपासलेला गाळ, आणि वर पाचटाचें पांघरूण. दोन्हींत एकाच दिवशीं तीच मिरची किंवा तेंच वांगें लावा. पाणी देण्यापूर्वीं टिचभर खोल माती उकरून मुठींत दाबा. गोळा होत असेल तर त्या दिवशीं पाणी देऊं नका, फुटत असेल तर द्या. किती वेळां पाणी दिलें आणि किती माल निघाला तें भिंतीवर कोळशानें रेघा ओढून लिहा. हंगाम संपल्यावर दोन्ही बाजूंच्या रेघा मोजा. मग जो पाणाड्या नारळ घेऊन दारांत येईल त्याला ती भिंत दाखवा.

विहिरीचा तळ देवाच्या आणि सावकाराच्या हातीं असेल. मातीचें पोट आपल्या हातीं आहे. तें आधीं भरा.